कारवान : आपल्या मुलखातील एका कुत्र्याची ओळख

बी. ए. (द्वितीय वर्ष)

मराठवाड्याच्या पशुधनाची नावे विचारली की आमच्या भागातील कोणीही शेतकरी चटकन तीन नावे सांगतो: देवणी गाय, लाल कंधारी गाय आणि उस्मानाबादी शेळी. ही नावे सरकारी यादीत आहेत, शेतीच्या पुस्तकांत आहेत आणि आठवडी बाजारातही आहेत. मात्र ज्या आखाड्यावर देवणीची जोडी बांधलेली असते त्याच आखाड्याच्या तोंडाशी, धुळीत पाय दुमडून बसलेला एक उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कुत्रा असतो. त्याचे नाव या मोजणीत कोणी घेत नाही. फार तर 'शिकारी कुत्रं' म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते.

हा कुत्रा म्हणजे कारवान. आपल्याकडे त्याला कोणी कारवानी म्हणते, कोणी करवानी म्हणते. अंगावर लांब रेशमी केस असलेल्याला पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठी दूरवर ओळखले जाते. देगलूरकरांना ते काही परक्या मुलखातले नाही. तरीही कॉलेजातील मित्रांना विचारले तर अल्सेशियन, डॉबरमन आणि पामेरियन ही नावे झटकन येतात. कारवानाचे नाव दहांत एखाद्यालाच येते. म्हणून या कुत्र्याची नीट ओळख करून द्यावी, तो कोठून आला, त्याची ठेवण कशी, तो कसा पाळावा आणि आज त्याच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नावात काय आहे?

भाषेच्या विद्यार्थ्याला आधी नावाकडेच पाहावेसे वाटते. 'कारवान' हा शब्द फारसी. व्यापाऱ्यांचा तांडा, काफिला असा त्याचा अर्थ. हैदराबादेत गोवळकोंड्याजवळ कारवान याच नावाची जुनी वस्ती आहे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी येणारे व्यापारी तेथे उतरत. 'पश्म' हाही फारसीच शब्द. त्याचा अर्थ लोकर किंवा मऊ केस. काश्मीरची पश्मिना शाल आपण ऐकून असतो. तिच्यातला 'पश्म' आणि आमच्या पश्मी कुत्र्यातला 'पश्म' एकच.

फारसी नावाचा कुत्रा मराठी आखाड्यावर कसा, असे कोणाला वाटेल. पण देगलूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. 1948 पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्या बोलीत फारसी-उर्दू शब्द पावलोपावली सापडतात. शिवाय आपले गाव तीन भाषांच्या शिवेवर. येथे एकाच बाजारात मराठी 'कुत्रा', तेलुगू 'कुक्का' आणि कन्नड 'नायी' हे तिन्ही शब्द कानी पडतात. अशा ठिकाणी शब्द सरमिसळ होतात तशी जनावरेही होतात.

या कुत्र्याच्या ठेवणीवरून जाणकार असे मानतात की त्याचे पूर्वज अरबस्तानातील सालुकी आणि मध्य आशियातील ताझी या जातींच्या कुळातले असावेत, व व्यापारी तांड्यांबरोबर आणि फौजांबरोबर ते दख्खनमध्ये उतरले असावेत. दक्षिणेत धान्य आणि मीठ यांची ने-आण करणारे लमाण तांडे होते. त्यांच्याबरोबरही राखणीला कुत्री असत, आणि इंग्रज लेखकांनी 'बंजारा हाउंड' या नावाने एका कुत्र्याचा उल्लेख केलेला आहे. हजारो बैल, गोण्या, बायका-मुले असा लवाजमा उघड्या माळावर रात्र काढी, तेव्हा जागा राहणारा आणि दिवसा ससा धरून आणणारा सोबती किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते.

दख्खनेत कुत्र्याचा मान

आपण कुत्र्याला शिवी म्हणून फार वापरतो. 'कुत्र्याच्या मौतीने मरणे', 'कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच', असे वाक्प्रचार तोंडी बसलेले आहेत. परंतु आपल्याच मुलखातील देवांकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. माहूरच्या श्रीदत्तांच्या पायाशी चार श्वान असतात व त्यांना चार वेदांचे रूप मानले जाते. माळेगावच्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. संत नामदेवांची गोष्ट तर आपण प्राथमिक शाळेत ऐकलेली असते: कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

इतिहासात एक दाखला याहून जुना आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तेथे सापडलेला दहाव्या शतकातील (इ. स. 949-50) शिलालेख एका कुत्र्याच्या स्मरणार्थ आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला राजा म्हणाला, हवे ते माग. मणलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. राजाचा 'काळी' नावाचा कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्याची आठवण म्हणून देवळासमोर दगड उभा केला गेला आणि त्या दगडाच्या पूजेसाठी जमीन तोडून दिली गेली.

येथे आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार सांगतात. आपल्या नांदेड जिल्ह्यातील कंधारचे नावही याच तिसऱ्या कृष्णाशी जोडले जाते. काळी हा कुत्रा कारवानच होता असा याचा अर्थ नव्हे. मात्र ज्या राजवटीशी आमच्या मुलखाचे नाते आहे, तिच्या काळात एका शिकारी कुत्र्याला वीराच्या बरोबरीने वीरगळ लाभला, एवढे खरे.

मुधोळची कथा

कारवानाचा विषय निघाला की मुधोळचे नाव घ्यावेच लागते. मुधोळ हे घोरपडे घराण्याचे छोटेसे मराठा संस्थान. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील राजे श्रीमंत मालोजीराव घोरपडे (1884-1937) यांनी बेडर लोकांजवळ असलेली ही चपळ कुत्री पाहिली, त्यांतील चांगली निवडून आपल्या देखरेखीखाली त्यांची पैदास केली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले.

त्यामुळे आज एकाच कुत्र्याला दोन नावे आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था त्याला 'कारवान हाउंड' म्हणून नोंदते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. टपाल खात्याने 9 जानेवारी 2005 रोजी भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, राजपालयम आणि मुधोळ हाउंड होते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही राजपालयम, चिप्पिपराई यांच्याबरोबर मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंद केलेली आहे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या कुत्र्यासाठी खास संशोधन व माहिती केंद्र आहे. ते बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे आहे. बीदर आपल्याला काही लांब नाही! 2016 मध्ये या जातीची पिल्ले मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात भारतीय जातींचा उल्लेख करताना मुधोळचे नाव घेतले.

मग मुधोळचा कुत्रा खरा की लातूर-नांदेडचा, असा वाद ऐकू येतो. मला या वादात अर्थ वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी मुधोळ मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला आणि बीदर म्हैसुरात गेले. लातूर जिल्हा तर 1982 साली झाला. या सगळ्या रेषा माणसांनी काल-परवा ओढलेल्या आहेत. कुत्रा त्याआधीपासून येथेही होता आणि तेथेही. फरक एवढाच की मुधोळच्या कुत्र्याला एक राजा भेटला, त्याने निवड केली, नोंद ठेवली, नाव दिले. आमच्या कुत्र्याला शेतकरी, शिकारी आणि तांडे भेटले. त्यांनी निवड केली, पण लिहून ठेवले नाही.

ठेवण आणि तिचे कारण

आता प्रत्यक्ष कुत्र्याकडे वळू. कारवान हा मध्यम आकाराचा कुत्रा आहे. नराची उंची खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास आणि मादी त्याहून थोडी ठेंगणी. वजन साधारण 20 ते 28 किलो. म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी. डोके लांब व अरुंद, जबडा बळकट, कान डोक्याला लागून लोंबते, मान लांब, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब आणि शेपूट निमुळते. रंग पांढरट, बदामी, तांबूस, राखी, काळा असे अनेक.

ही ठेवण केवळ दिसण्यासाठी नाही. वासावर माग काढणारे कुत्रे निराळे आणि नजरेने शिकार हेरून धावणारे कुत्रे निराळे. कारवान दुसऱ्या वर्गातला. त्याचे तोंड अरुंद असल्याने डोळे जरा बाजूला येतात आणि माणसापेक्षा पुष्कळ अधिक रुंदीचे दृश्य त्याला एकदम दिसते. दूरवर काही हलले की ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. खोल छातीत मोठे हृदय आणि मोठी फुप्फुसे मावतात. पाठीचा कणा कमानीसारखा वाकतो आणि सरळ होतो. त्यामुळे धावताना एकाच झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आवळलेले असताना आणि एकदा पूर्ण पसरलेले असताना. घोडा भरधाव सुटला तरी एका झेपेत एकदाच असा अधांतरी होतो. याच कुळातील विलायती ग्रेहाउंड ताशी सुमारे 70 किलोमीटर वेग गाठतो. कारवान थोड्या अंतरात ग्रेहाउंडच्या मागे पडेल, पण ढेकळांच्या, दगडांच्या आणि बाभळीच्या रानात टिकून धावणे हा त्याचा गुण.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. कारवानाच्या बरगड्या थोड्या दिसतात, म्हणून लोक त्याला उपाशी, हाडकुळा समजतात. निरोगी कारवानाच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या किंचित दिसणारच. मात्र सगळा सापळा दिसत असेल, माकडहाड वर आले असेल आणि केस निस्तेज असतील, तर तो जातीचा गुण नव्हे. ते कुपोषण किंवा जंत. दोहोंतला भेद ओळखला पाहिजे. 'ही जातच बारीक असते' असे म्हणून उपाशी ठेवणारे मालक मी पाहिले आहेत.

स्वभाव

शेपूट हलवत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत घोळणे या कुत्र्याला ठाऊक नाही. तो घरच्यांचा, आणि घरच्यांतही बहुधा एकाचा. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही; तो बाजूला सरकतो आणि पाहत राहतो. उगाच भुंकत नाही. म्हणून रात्री तो भुंकला तर उठून बाहेर पाहावे, असे जुने लोक सांगतात.

राखणीच्या बाबतीत अपेक्षा नीट समजून घ्यावी. हुकूम दिला की माणसावर तुटून पडणारा कुत्रा हवा असेल तर कारवान घेऊ नये. त्याची राखण म्हणजे जाग, नजर आणि पाय. शिवारात शिरलेले रानडुक्कर किंवा कोल्हा तो सर्वांत आधी पाहतो, हाकलून लावतो आणि घरधन्याला कळवतो. घरात तो शांत असतो. मुलांनी धसमुसळेपणा केला तर उठून निघून जातो. रागावून मारले तर बिथरतो व ते बरेच दिवस लक्षात ठेवतो. त्याला शिकवायचे ते गोडीने आणि थोडे थोडे.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. पळणारी वस्तू दिसली की त्याचे कान बंद होतात. मांजर असो, शेजाऱ्याची कोंबडी असो की शेळीचे करडू असो, तो सुटतो आणि मग हाक ऐकत नाही. शतकानुशतके ज्यासाठी त्याला निवडले तोच हा गुण, पण गावात तो दोष ठरतो. त्यामुळे लहानपणापासून कोंबड्या-शेळ्यांत वाढवणे आणि रस्त्यालगत मोकळे न सोडणे, हे दोन नियम पाळावेच लागतात.

पाळणाऱ्यासाठी काही गोष्टी

पिल्लू निवडताना घाई करू नये. कुत्री सुमारे 63 दिवसांनी विते; दहा ते चौदा दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडतात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तोडले तर ते अशक्त राहते आणि इतर कुत्र्यांत कसे वागावे हे शिकत नाही. शक्य तेथे आई-बाप दोन्ही पाहावेत.

लस ही चैन नव्हे. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळीची म्हणजे रेबीजची, आणि पुढे दरवर्षी पुन्हा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस काय आणि कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य. कोणालाही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावणे, मंत्र घालणे यांत वेळ गेला तर जीव जातो. आपल्या खेड्यांतून हे अजूनही घडते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आहारात ज्वारीची भाकरी आणि ताक-दूध हा परंपरागत खुराक. भाकरीने पोट भरते, पण धावणाऱ्या अंगाला ती एकटी पुरत नाही. अंडी, मांस किंवा ते न जमल्यास शिजवलेली डाळ यांची जोड हवी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. भरल्या पोटी लगेच पळवू नये. गोचीड आणि पिसवा यांवर लक्ष ठेवावे.

या कुत्र्याची कातडी पातळ आणि अंगावर चरबी थोडी. काटेरी तारेने कातडी सहज फाटते. पौष-माघाच्या थंडीत त्याला आडोसा आणि खाली पोते हवेच. चरबी कमी असल्यामुळे गुंगीची काही औषधे अशा कुत्र्यांना जास्त चढतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांना कुत्र्याची जात आवर्जून सांगावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: त्याला दिवसभर साखळीला बांधू नये. ज्याचे सगळे अंग धावण्यासाठी घडले आहे तो दोन हात साखळीवर वर्ष काढतो तेव्हा तो चिडका होतो, स्वतःचेच पाय चावू लागतो. कायमच्या बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याची मालकाने हयगय करणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे फारच थोड्यांना माहीत आहे.

काम गेलेला कामकरी

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कारवानाचे मूळ काम शिकार. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट, चिंकारा यांची शिकार हा मोठा गुन्हा ठरला. या कायद्यात शिकारीची जी व्याख्या दिली आहे तिच्यात कुत्री सोडून पाठलाग करणेही येते. सशामागे कुत्रा 'छू' करणे हीसुद्धा आज शिकारच. कायदा योग्य आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्या माळांवरचे काळवीट उरले ते अशा कायद्यामुळेच. परंतु काम गेल्यावर कामकऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. गिरणी बंद पडली की माणसांचे काय होते हे आपण वाचतो. जनावराचेही तसेच होते. काम गेले की मान जातो, मान गेला की खुराक जातो, आणि शेवटी जातही जाते.

जात जाण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला, गावातल्या मोकाट कुत्र्यांशी सरमिसळ. दुसरा, शर्यतीच्या हौसेपायी विलायती ग्रेहाउंडशी संकर. त्याने वेग वाढतो पण उन्हातान्हात टिकण्याचा मूळ गुण पातळ होतो. तिसरा मार्ग शहराकडे जातो. देशी कुत्र्याची हौस वाढल्यापासून पिल्लांना भाव आला आहे. पण दोन खोल्यांच्या घरात वर्षभरात ते पिल्लू सव्वादोन फूट उंच होते, पडदे फाडते, आणि मग रस्त्यावर सोडले जाते.

आमच्या आखाड्याशेजारी एक वृद्ध शेतकरी आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांचा मुलगा कामासाठी हैदराबादला असतो. त्यांच्याजवळ एक तांबूस कारवान कुत्री आहे आणि तिच्यानंतर कुत्रे ठेवणार नाही असे ते म्हणतात. या लेखासाठी मी त्यांच्याजवळ दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो. पिल्लू कसे पारखता, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "लेकरा, पिल्लाचं तोंड नगं बघू. त्याच्या मायचे पाय बघ, पंजा बघ. पंजा फाकलेला आसला की ढेकळात टिकत नाही." मग त्यांनी त्या कुत्रीची आई, तिची आई, आणि प्रत्येकीला कोणत्या गावचा नर दाखवला होता, कोणत्या साली किती पिल्ले झाली, त्यांतली कोणाकडे गेली, हे सगळे तोंडपाठ सांगितले. साल त्यांना आकड्यात सांगता येत नाही. "भूकंपाच्या वर्षी", "थोरलीच्या लग्नाच्या आदल्या साली", असे ते सांगत. मी ते वहीत उतरवले. पुरी अडीच पाने भरली.

ती पाने पाहताना माझ्या मनात एक विचार आला. केनेल क्लबात ज्याला वंशावळ म्हणतात आणि ज्या कागदामुळे पिल्लाची किंमत दहापट होते, तो कागद आबांकडे होताच. फक्त तो डोक्यात होता. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांनाही अशा किती गोष्टी ठाऊक आहेत: बैलाचे दात, ढगाची दिशा, जमिनीचा वाफसा. अक्षर न शिकलेल्या माणसाला ज्ञान नसते असे आपण सहज धरून चालतो. मुधोळच्या राजाकडे कारकून होता, आबांकडे नव्हता. कुत्रा एकच, निवडण्याची अक्कलही एकच. नोंद करणारा हात तेवढा कमी पडला.

काय करता येईल?

या बाबतीत फार मोठ्या योजना सुचवण्याचा माझा अधिकार नाही. तरीही आपल्या आवाक्यातल्या काही गोष्टी आहेत.

पहिली, नोंदी. आपल्या महाविद्यालयात येणारे बहुतेक विद्यार्थी देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर या बाजूच्या खेड्यांतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील कारवान आणि पश्मी कुत्र्यांची एका पानावर नोंद केली: रंग, उंची, आई कोणती, बाप कोणता, मालकाला काय माहीत आहे, तर एका सुट्टीत न भूतो अशी वही तयार होईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ता आपण करतोच. एक दिवस यासाठी देता येईल. त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून रेबीजची लसही देता येईल.

दुसरी, माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तेथे जिल्हा परिषदेतर्फे अश्व, श्वान आणि कुक्कुट प्रदर्शनही होते. कुत्र्याच्या देवाच्या यात्रेत कुत्र्यांचे प्रदर्शन, याहून उचित ठिकाण कोणते? आपल्याकडील मालकांनी आपली कुत्री तेथे नेली पाहिजेत आणि आपण ती पाहायला गेले पाहिजे. बक्षिसाच्या रकमेपेक्षा चार लोकांनी थांबून विचारपूस केली याचे मालकाला अधिक वाटते.

तिसरी, नवे काम. रानडुकरांचा उपद्रव आज प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न आहे. कुत्रा रानडुकराच्या अंगावर घालणे नव्हे, तर त्याच्या नुसत्या वावराने आणि वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने पिकाची राखण होणे, हे काम कायद्यात बसते आणि या कुत्र्याच्या स्वभावातही बसते. सीमेवर पहारा देण्यासाठी लष्कर ज्याला शिकवून पाहते, त्याला हरभऱ्याच्या रानात काम नाही असे आपण का समजावे?

शेवटी एवढेच. ज्याला कुत्रा पाळायचा नाही त्याने पाळू नये. हौसेने आणून वाऱ्यावर सोडण्यापेक्षा न आणलेला बरा. पण ज्याच्याजवळ आखाडा आहे, मोकळे रान आहे आणि दोन वेळची भाकरी घालण्याची ऐपत आहे, त्याने शहरातून महागडा विलायती कुत्रा आणण्याआधी चाकूर-उदगीरच्या बाजूला एक चक्कर मारावी. तेथे एखाद्या आखाड्याच्या तोंडाशी तो बसलेला असेल. तो आपणहून जवळ येणार नाही. तेव्हा मालकाशी दोन शब्द बोलावेत, कुत्रीचे पाय आणि पंजा पाहावा, तिची आई कोणती ते विचारावे, आणि मालक जे सांगेल ते लिहून घ्यावे.